हेमाताईंच्या दारापर्यंतचा बोळ

२०६४ साली मिरजेतले रस्ते पावलांवर जगत. ज्या वाटेने आठवडाभर कुणी चाललं नाही, ती आपोआप विरून तिथे गवत येई.

वृषालीताई आणि हेमाताईंच्या दारांमधल्या बोळातून आता त्या दोघीच चालत. घेतलेली वाटी रिकामी परत द्यायची नाही, म्हणून एकच वाटी कधी लोणचं, कधी साखर घेऊन ये-जा करी.

वृषालीताईंचे गुडघे धरले. बोळाच्या कडा हिरवट दिसताच हेमाताई काठी टेकत आल्या.

"माझी वाटी दे."

"रिकामी कशी देऊ? उद्या ये."

दुसऱ्या दिवशीही तेच उत्तर आलं.

"कालही हेच म्हणालीस, लबाडे!"

"मग उद्याही म्हणेन."

हेमाताई रोज येत राहिल्या.

थंडीत वृषालीताई गेल्या. मुलाने घर विकलं आणि वाटी स्वच्छ घासून ड्रोनने पाठवली, रिकामीच. हेमाताई अजून आहेत. त्यांच्या दारापुढे गवत आहे.