खासगी विहिरीचं पाणी

घर बघायला आलेल्या मुलीने पाण्याचा पेला ओठांना लावलाच नाही. पर्समधून तपासणीची छोटी बाटली काढून तिने पाणी त्यात ओतलं आणि बूच लावलं. ती तालुक्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नोकरीला होती.

पस्तिशीच्या लेकाला किती दिवसांनी स्थळ आलं होतं! तरी वत्सलाकाकूंना राहवलं नाही.

"अगं, तपासायचं ते पंचायतीच्या नळाचं. ही आमची खासगी विहीर. सासऱ्यांनी खणलेली."

"काकू, जंतू काही सातबारा बघून येत नाहीत," मुलगी हसली. "शेजारपाजारही इथलंच पितो ना? मग नियम तुम्हालाही आहे. उद्या कळवते."

काय कळवणार?

पाण्याचं?

की लग्नाचं?

काकूंना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला.

"काकू, बाटलीतलं पाणी काळं पडलं. म्हणजे विहीर दूषित आहे."

काकूंनी खिडकीतून विहिरीकडे पाहिलं.

"मुलगा मात्र पसंत आहे. विहिरीत पावडर टाकून घ्या, मग तारीख काढू."

काकूंनी लेकाला हाक मारली. "पळ, पंचायतीतून ब्लीचिंग पावडर घेऊन ये. येताना पेढेही आण. आणि हे बघ, पिशव्या वेगळ्या ने!"