आज नाव निघू नये

साडेबाराला पाच मिनिटं कमी असताना उल्काने देवापुढे निरांजन लावलं आणि प्रतापने टीव्हीचा आवाज वाढवला.

"आज कोणत्या शर्टात आहे रे?" सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेल्या अलकनंदाताईंनी विचारलं. त्या प्रतापच्या थोरल्या बहीण, पुण्याहून महिनाभरासाठी आयर्लंडमधल्या एनिसला आलेल्या.

"पिवळ्या. तो बघ ताई, मधे उभा आहे."

उल्का-प्रतापचा ज्ञानेश पडद्यावर बोटाएवढा दिसत होता. त्याने वाकून डावा मोजा वर ओढला, तशी उल्का हसली. शाळेपासूनची खोड. अठ्ठावीस वर्षांचा झाला तरी गेली नव्हती.

जर्मनीतली ही तिसऱ्या पायरीची लीग. ती कुणाला समजावून सांगायची म्हटलं की प्रतापला चेव यायचा. "वीस संघ, ताई. पहिले दोन थेट दुसऱ्या लीगमध्ये. तिसऱ्याला त्यासाठी आणखी झगडायचं. खालच्या चौघांना गचांडी. आज शेवटचा दिवस, म्हणून दहाही मॅच एकाच वेळी. कुणी दुसऱ्याचा निकाल बघून खेळू नये. हे निळे शर्टवाले आहेत ना, आज जिंकले नाहीत तर गेले खाली."

"ते जाऊ देत. आपला वर जाणार की नाही?" ताईंना तेवढ्यातच रस होता.

"ते स्टँडमध्ये बसलेल्या एका माणसाच्या हातात. वही घेऊन बसतो, ज्ञानेशवर डोळा ठेवून. त्याचं मत चांगलं पडलं, तर पुढच्या वर्षी दुसरी लीग."

"आज कुणी ज्ञानेशचं नाव काढू नये, एवढंच मागितलंय मी," उल्का म्हणाली आणि काड्यापेटी प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, ठेवून येऊन बसली.

जर्मन तिघांनाही येत नव्हतं. कॉमेंटेटरच्या त्या गडगडाटातून आपलं आडनाव निघतंय का, एवढंच ऐकायचं. नोव्हेंबरात एकदा ज्ञानेश चुकला होता. त्या चुकीने एक गोल गेला, एक गाव हरलं आणि जर्मन उच्चारातलं 'करंडिकर, करंडिकर' नऊ वेळा ऐकू आलं. उल्का त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी फोनवर ज्ञानेशच समजूत घालत होता, "आय'म ग्रँड, आई. बाबांना सांग, डोन्ट बी रीडिंग द कॉमेंट्स." सांगितल्यावर प्रतापने ते सगळे भाषांतर करून वाचले. परक्या भाषेतल्या शिव्यासुद्धा लागतात, हे त्याला तेव्हा कळलं.

पहिला अर्धा तास शांततेत गेला. ताईंचा डोळा लागला. प्रतापला मात्र जुने शनिवार आठवायला लागले.

ते शनिवार म्हणजे गावाबाहेरचं चिखलाचं मैदान, फ्लास्कमधला चहा, डब्यातले गार झालेले पोहे आणि परतताना गाडीभर ओल्या मोज्यांचा वास. प्रताप छत्री धरून रेषेशी उभा. ज्ञानेश बाकावर. मैदानात उतरला तरी पाय धड चालायचे नाहीत. आयुष्यात एक गोल केला नाही पोराने. मग एका शनिवारी एक माणूस आलाच नाही. कोचने इकडेतिकडे पाहिलं आणि ज्ञानेशला विचारलं, "तू उतरतोस का?" पंधरा वर्षांचा पोर जो धावला, तो शेवटपर्यंत थांबला नाही. परतताना गाडीत म्हणाला, "बाबा, धिस इज इट. मला हेच करायचंय."

प्रतापने त्याला अभ्यासाची आठवण करून दिली होती. पुढे जर्मनीला शिकायला गेला, तिथेही हेच. पुण्याच्या नातेवाइकांना प्रताप वर्षानुवर्षं मोघम सांगत राहिला, "फुटबॉलमध्ये असतो." त्या लपवाछपवीची आज त्याला लाज वाटत होती. आणि ते चिखलाचे शनिवार कुणी परत दिले असते, तर त्याने छत्रीसुद्धा मागितली नसती.

एकोणनव्वदावं मिनिट. एक-एक.

निळ्यांचा एक गडी गोलसमोर धाडकन पडला. ज्ञानेश चार पावलांवर होता. अख्खं स्टेडियम उठलं. "पेनल्टी" म्हणून ओरडत निळे शर्टवाले ज्ञानेशवर धावून आले. ज्ञानेशने मान हलवली. नाही. त्यांचा दाढीवाला कॅप्टन त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडत होता. ज्ञानेश हात पाठीमागे घेऊन उभा राहिला.

"चुकला का हो तो?" उल्काने डोळे मिटून विचारलं.

"थांब, परत दाखवतील."

व्हिडिओ पाहून चूक निस्तरायची सोय वरच्या लीगमध्ये. इथे झालं ते झालं. परत दाखवायचं ते फक्त घरी बसलेल्यांना. दाखवलं. एकदा, मग दुसऱ्या बाजूने. पडलेल्या गड्याला कुणाचा पायच काय, वारासुद्धा लागला नव्हता.

प्रतापने श्वास सोडला. "नाही चुकला."

सहा मिनिटांनी शेवटची शिट्टी झाली. निळे खाली गेले. दांडगे बाप्ये गवतावर बसून रडत होते आणि कॉमेंटेटर त्यांच्याबद्दलच हळव्या आवाजात बोलत होता. 'करंडिकर' एकदाही नाही.

एवढ्यात तो दाढीवाला उठला आणि तरातरा ज्ञानेशकडे निघाला. उल्काने प्रतापचं मनगट घट्ट धरलं.

दाढीवाल्याने डोळे पुसले आणि हात पुढे केला. ज्ञानेशने तो हातात घेतला, आणि दुसऱ्या हातातली शिट्टी खिशात टाकली.