घर शांत

"डोळे मिटा," सुरभी म्हणाली आणि अंगणवाडीच्या सतरंजीवर बसलेल्या अकरा आयांनी शहाण्या मुलींसारखे डोळे मिटले. "आता आपल्या लहानपणी जा. तुमच्याशी सगळ्यात मायेनं कोण बोलायचं? तो आवाज ऐका."

माघातली दुपार होती. कारंजा गावाच्या त्या बाजूला संत्र्याला नुकता बहर आला होता आणि त्या वासानं बसल्या जागी पेंग यावी असं वारं सुटलं होतं. हमरस्त्यावरचे ट्रकही लांबून गुणगुणल्यासारखे ऐकू येत होते. गावोगावी पालक गट घेणाऱ्या सुरभीला दर गुरुवारच्या या गटात हीच पाच मिनिटं सगळ्यात आवडायची. डोळे मिटले की बायांची वयं गळून पडायची. एरवी तिन्ही लेकरांना पाळीपाळीनं धपाटे घालणाऱ्या कमलाबाईसुद्धा गालातल्या गालात हसू लागायच्या.

आज मात्र सुरभीचं मन त्यात रमत नव्हतं. तिच्या पिशवीत एक अर्ज होता आणि गट सुटायच्या आत त्यावर भागाबाईची सही घ्यायची होती.

भागाबाईची रिंकू चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. कान उत्तम होते. वाळल्या पानावर कुणाचं पाऊल पडलं तरी ती वळून बघायची. डॉक्टरांनी घसा पाहिला, जीभ पाहिली, सगळं ठीक आहे म्हणाले. मग अडलं कुठे ते कुणालाच उमगेना. शेवटी सुरभीनंच खटपट करून नागपूरच्या एका निवासी केंद्रात जागा मिळवली. तिथे मुलीला वर्षभर ठेवून घेणार होते, बोलायला शिकवणार होते. आईला महिन्यातून एकदा भेटता येणार होतं. सुरभीला त्याचं वाईट वाटत होतं, आणि आपण एवढी जागा मिळवली याचा थोडा अभिमानही वाटत होता. खोटं कशाला सांगा!

ती त्यांच्या घरीही जाऊन आली होती. घर म्हणजे गावापासून लांब, संत्र्याच्या बागेतली राखणदाराची खोपटी. गावात गोंडांचं तेवढं एकच घर. भागाबाईचा नवरा आनंदराव ट्रकवर असायचा. महिना महिना बाहेर, आणि आला तरी झोपेपुरता. मागे दोघी मायलेकी नुसत्या नजरेनं संसार करत होत्या. आईनं हात पुढे केला की लेक फणी द्यायची. लेकीनं मान कलती केली की आई पाणी द्यायची. झाडांमधून ऊन पाझरत होतं. कुठे शब्द नाही, रडारड नाही, ओरडा नाही. तासभर तिथे बसल्यावर सुरभीला आपण कुणाच्या तरी स्वप्नात शिरलोय असं वाटायला लागलं होतं. परत आल्यावर घरभेटीच्या वहीत तिनं मोठ्या समाधानानं लिहिलं, 'आई प्रेमळ. घर शांत.'

चार मिनिटं झाली असतील. अर्ज बाहेर काढावा म्हणून सुरभी उठली आणि तिची नजर भागाबाईवर गेली. रिंकू मांडीवर झोपली होती. भागाबाईचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. नुसते ओठ. एकेक शब्द तोंडात घोळवत, सावकाश, पण आवाज जराही नाही. चेहरा इतका उजळला होता की दोन वर्षं खाली मान घालून बसणारी बाई ती हीच, हे सुरभीला खरं वाटेना.

ती हळूच जवळ जाऊन बसली. "भागाबाई, ओठातल्या ओठात काय बोलून राह्यल्या?"

भागाबाईनं दचकून डोळे उघडले आणि तोंडावर पदर धरला. "चुकलं ताई. माय आठवली तं तोंडात गोंडी आली. पण आवाज नाई केला मी. पोरीनं आयकलं नाई."

"आयकलं असतं तं काय झालं असतं?"

"तुमीच तं सांगतलं होतं," भागाबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "पयल्याच दिवशी. पोरं शाळेत मांगं पडतात, घरात मराठीच बोलाची, म्हणून. तवा रिंकू नुकती बोलाले लागली होती."

सुरभीला आठवेना. मग आठवलं. हे वाक्य ती प्रत्येक गावात पहिल्या दिवशी म्हणत आली होती. म्हणायची आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायची.

"मंग मराठीत काऊन नाई बोलल्या तिच्यासंग?"

भागाबाई ओशाळली. "वावरातल्या निंदणाची येते ताई, बाजाराची येते. लेकराचे लाड कराची मराठी मले येत नाई."

बाकीच्या बाया अजून आपापल्या लहानपणातच होत्या. सुरभीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते तिनं पुसलंही नाही. "चुकी माही होती, भागाबाई," ती कशीबशी म्हणाली. "तुमची नाई, माही."

झोपलेल्या रिंकूच्या केसांवरून हात फिरवत भागाबाईनं अगदी हळू विचारलं, "मंग आता बोलू का मी तिच्यासंग?"