बाहेर उघडणारं दार

“संडासाचं दार बाहेर उघडू द्या, ताई,” सुतारमामांनी तेव्हाच सांगितलं होतं. “आत कुणी दाराला टेकून पडलं, तर बाहेरून ढकलता येत नाही.”

तिने ते हसण्यावारी नेलं. जुन्या गोदामाचं समाजकेंद्र करायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं आणि अंथरूण एवढं तोकडं की पाय पसरायचा प्रश्नच नव्हता. दारं एका बंद पडलेल्या शाळेतून चौकटीसकट उचलून आणलेली, सगळी आत उघडणारी. शिवाय तिची चार वर्षांची लेक दिवसभर त्याच बोळातून धावायची. दार बाहेर उघडलं आणि नेमकं तिच्या तोंडावर बसलं म्हणजे? मुलं पडतील, मामा, असं ती म्हणाली होती.

“पोरं पडली की भोकाड पसरतात,” मामा म्हणाले होते. “म्हातारं माणूस गप पडून राहतं.”

आज तेच मामा ते दार बिजागऱ्यांतून सोडवत होते आणि ती दार धरून उभी होती. खालची फळी मामांनीच त्या दिवशी छिन्नीने फोडली होती, तिथे आता कोरा प्लाय ठोकला होता. एरवी ते तिला इंजिनीअरबाई म्हणून चिडवायचे. आज नुसतं ‘जरा वर’, ‘जरा डावीकडे’. ‘मी म्हणालो नव्हतो का’ एवढं तरी त्यांनी म्हणावं म्हणून ती सकाळपासून वाट बघत होती.

तेवढ्यात काकू आल्या. पहिल्या गिऱ्हाइकाच्या पत्नी. केंद्र उघडायच्या आधीपासून ते आजोबा रोज यायचे, रंगाच्या पालथ्या बादलीवर बसून पेपर वाचायचे आणि फळ्या वाकड्या बसल्या म्हणून मामांशी हुज्जत घालायचे, म्हणून मामांनी त्यांचं नाव पहिलं गिऱ्हाईक ठेवलं होतं. त्यांना जाऊन नऊ दिवस झाले होते. त्यांचा चष्मा इथेच खिडकीत राहिला होता. काकू तो न्यायला आल्या होत्या.

त्या त्याच बादलीवर टेकल्या. किती वेळ आत होते, त्यांनी विचारलं. तिने सांगितलं, पाऊण तास. मामा जेवून आले आणि गिऱ्हाईक कुठे गेलं म्हणाले, तेव्हा कळलं. फरशीचं माप सांगावं तसं तिने ते सांगितलं.

“हाक नाही मारली त्यांनी?”

“नाही,” ती म्हणाली.

ते खरंच होतं. हाक आली नव्हती. धप्प असा आवाज आला होता. ती तेव्हा पडद्यांसाठी खिडकी मोजत होती. आवाजासरशी तिने मान वळवली. लेक समोरच, डब्यावर डबा रचत बसलेली. तिचा जीव भांड्यात पडला, आणि तिने टेपचं टोक पुन्हा खिडकीला लावलं.

“मीच पिटाळायचे त्यांना इथे,” काकू चष्मा पदराने पुसत म्हणाल्या. “घरात पायात पायात यायचे ना. घरी असते तर मला ऐकू तरी आलं असतं.”

तिने दार पुन्हा चौकटीला धरलं, उलट्या बाजूने. मामांनी शेवटचा स्क्रू पिळला आणि दार उघडून, लावून पाहिलं. बाहेर उघडलं. दारावर एक सूचना लावा, ते म्हणाले, जाणाऱ्या-येणाऱ्याला लागायला नको.

छापील पाटी परवडणारी नव्हती. तिने लेकीच्या हातातला निळा खडू घेतला, पुठ्ठा भिंतीला लावला आणि लिहिलं, ‘दार बाहेर उघडतं. जपून.’

खडू खाली ठेवायला हवा होता. काकू उठून तिच्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या होत्या, नवऱ्याचाच चष्मा डोळ्यांना लावून एकेक अक्षर वाचत होत्या. तिने त्याच पुठ्ठ्यावर खाली, हात न थांबवता लिहिलं:

‘त्या दिवशी आतून धप्प आवाज आला, तो मी ऐकला होता. माझं मूल समोर होतं म्हणून मी बघायला गेले नाही. तुम्ही ऐकलात, तर तुमचं मूल समोर असलं तरी जा. आत कोण आहे, बघून या.’