मुलींच्या बाजूचा नळ

मुलींच्या बाजूचा नळ आठवडाभरही धड टिकेना. शिपाई म्हणे, पाण्याचा दाब जास्त; शिक्षक म्हणत, मुलीच धसमुसळ्या. मी नुकतीच मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणाहून आले होते. तिथे एकच गोष्ट डोक्यात भरवली होती: डागडुजी करत बसू नका, मुळाशी जा. म्हणून मधली सुट्टी संपल्यावर मी स्वतःच दाराआड उभी राहिले.

यंदाच शाळेत आलेली, सातवीतली एक अबोल मुलगी आली. करकटकाच्या टोकाने तिने नळाचा स्क्रू सैल केला. मी हात धरला.

"का गं?"

ती रडली नाही. "मग प्लंबर येतात."

"ते आले तर तुला काय?"

"माझे बाबा आहेत ते. आता आमच्याकडे राहत नाहीत. आई भेटू देत नाही. ते आले की मी हात धुवायला जाते."

"काय बोलता तुम्ही दोघं?"

"ते विचारतात, पाणी नीट येतंय का? मी म्हणते, येतंय."

दुपारी प्लंबर आला. मी नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाले, "दरवेळी तेच! मुलांच्या हाताने सैल होणार नाही, असा नळ मिळत नाही का तुम्हाला?"

त्याने पाना खाली ठेवला.

"मिळतो, मॅडम. पहिल्या दिवसापासून माझ्या पिशवीतच आहे."