पाच तास एकट्याचे

विमानाची दिशा वळवणारी झडप, म्हणजे रडर, दोन इंचांनी रुंद केलं, तर व्हर्लिनच्या पदरात आडव्या वाऱ्याचे ताशी पाच मैल जास्त पडणार होते. आत्ता पंधरा मैलांचा वारा झेपत होता, मग वीसचा झेपला असता. वीसचा झेपला, की डोरीनला मागच्या सीटवर बसवून लोगन क्रीकच्या धावपट्टीवर, वैमानिकांच्या शनिवारच्या न्याहारीला उतरता आलं असतं. तिथला वारा कायम आडवा.

विमान त्यानं स्वतः बांधलेलं, अकरा वर्षं खपून. पंखा मागच्या टोकाला, त्यामुळे त्याचा झोत रडरवर पडायचाच नाही. वेग उतरला की रडर मलूल. मग व्हर्लिन कधी रडरच्या फटी बुजवायचा, कधी त्याच्या तारा ताणायचा. प्रत्येक मोठ्या बदलानंतर नियम ठरलेला: पाच तास उडायचं, घरच्या मैदानाभोवतीच, सोबत कोणी नाही. अख्ख्या कॅन्ससमध्ये इतका काटेकोर माणूस नव्हता. पाच तास भरत आले, की त्याला रडरमध्ये नवीन काहीतरी खुपायचं.

शेजारच्या हँगरात इंजिनं दुरुस्त करणारी डोरीन हे तीन उन्हाळे बघत होती. तिचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती.

"झालं का?" तिनं दारातून विचारलं.

"दोनच इंच. मग पाच तास, आणि मग तू नि मी..."

"अरे बाबा, मी मागच्या सीटवर बसायचं म्हणत होते. रडरवर नाही." ती हसली, आणि हसता हसता थांबली. "मंगळवारी ओरेगॉनला चाललेय. लेकीकडे. कायमची."

व्हर्लिननं पाना खाली ठेवला. "तसंच नेलं असतं नि तुला काही झालं असतं तर?"

ती गेल्यावरही त्यानं पाच तास इमानानं भरले. मग शनिवारी एकटाच लोगन क्रीकला गेला. वीस मैलांचा आडवा वारा होता. विमान आखल्यासारखं सरळ उतरलं. कुणी मान वर करून पाहिलं नाही.

न्याहारीच्या तंबूत तिथला आचारी अमोस पॅनकेक उलटत होता. व्हर्लिनचा हात खिशाकडे गेलेला पाहून तो म्हणाला, "राहू दे. डोरीननं दिलेत तुझे पैसे."

"कधी?"

"दर शनिवारी. साठ मैल गाडी हाकत यायची, दोघांचे द्यायची, शेजारची खुर्ची अडवून बसायची. विचारलं की म्हणायची, येईल तो, तास भरले की." अमोसनं ताट पुढं सरकवलं. "तीन उन्हाळ्यांची ताटं जमा आहेत तुझ्या नावावर. एकट्याला संपायची नाहीत."