नाकासाठी सहल

"द्राक्षमळ्यांना चार दिवस, समुद्राला दोन," बायको म्हणाली आणि तिने नकाशावर बोट ठेवलं.

"समुद्राला चार," नवरा म्हणाला. "मळ्यांना एकही नको."

"मग उरलेले दोन दिवस गेले कुठे?"

"ते मी झोपेन."

रविवारची दुपार होती. जेवणाच्या टेबलावर प्रवास कंपनीची रंगीत पत्रकं पसरली होती. निळा उपसागर, डोंगरावर चढत गेलेली पांढरी घरं, त्यांच्यावरून जाणारी दोरगाडी. शहरापासून तासाभरावर द्राक्षांचे मळे, नीट विंचरलेल्या केसांसारखे. ती त्याच्या खांद्याला खांदा लावून बसली होती. तोंडात लवंग होती. हल्ली दाढ दुखायची, त्यामुळे लवंग कायमचीच झाली होती.

खरं सांगायचं तर फिरण्याची हौस दोघांनाही नव्हती. प्रश्न नाकाचा होता.

तो साबणाच्या कारखान्यात वास ठरवायचा. लिंबू किती, गुलाब किती, कुठला वास आधी यावा आणि कुठला अंगावर टिकावा, हे त्याचं नाक सांगायचं. कारखान्यात सगळे त्याला नाकसाहेब म्हणत. मुलगी लहानपणी शाळेतून आली की तो दारातच ओळखायचा: आज खडू, आज पेरू, आज शेजारच्या मुलीच्या केसांचं तेल. असल्या माणसाला गेल्या हिवाळ्यात सर्दी झाली. सर्दी गेली, ती जाताना नाकही घेऊन गेली.

डॉक्टरांनी बॅटरी मारून आत पाहिलं. "सगळं ठाकठीक दिसतंय," ते म्हणाले. "रोज ओळखीचे वास देत राहा. हवापालट करा. कधीकधी येतं परत."

मालकाने बरीच कळ काढली. परवा मात्र बोलावून सांगितलं, की पुढच्या महिन्यात नवा माणूस येतोय. तोवर नाक परत आलं तर खुर्ची तुमची, नाहीतर गोदामात खोकी मोजायला बसा.

नवरा "बरं" म्हणून घरी आला. तिला सहन होत नव्हतं ते हेच. शिळा गुलाब ताजा म्हणून विकला म्हणून फुलवाल्याशी भर रस्त्यात भांडणारा माणूस "बरं" कसा म्हणतो? तिच्या पायाखालची जमीन सरकली होती. बुडत्याला काडीचा आधार, तसा तिने या सहलीचा धरला होता.

"मळ्यांत मोठमोठी तळघरं आहेत," ती म्हणाली. "लाकडी पिंपं. एकेका पिंपाचा वास वेगळा. तिथला माणूस हातात पेला देतो आणि विचारतो, सांगा कशाकशाचा वास येतोय. तुला याहून चांगलं औषध कुठलं?"

"खारा वारा पुरे."

"खारा वारा काय, सगळ्यांनाच लागतो. तुझ्या नाकाला काम द्यायला हवं."

"तळघर म्हणजे पायऱ्या आल्या. माझे गुडघे..."

"काल दूधवाल्यामागे जिना उतरताना गुडघे बरे धावत होते!"

तेवढ्यात वसतिगृहातून मुलीचा फोन आला. "जा की बाबा," ती म्हणाली. "आईला समुद्र दाखव. मळेबिळे राहू दे, ऊन फार असतं तिकडे."

"बघ, लेकसुद्धा तेच म्हणते," नवरा म्हणाला.

"खाण तशी माती," म्हणत ती पाणी प्यायला आत गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते. रडून आली असावी. पुन्हा त्याला चिकटून बसली.

"पाया पडते तुझ्या," ती म्हणाली. "एकदा चल. खोकी मोजून आलास की तू कुणाशी बोलणार नाहीस. मला माहितीये. तुला असं लाकडासारखं बसलेलं बघितलं की घर खायला उठतं रे. सगळं माझ्यामुळेच झालं असं वाटतं."

"तुझ्यामुळे कसं?"

"कसं ते कळलं असतं तर काय हवं होतं."

तिने कॉफीची बरणी ओढली. हे रोजचंच होतं. त्याने डोळे मिटायचे, तिने बरणी नाकाशी धरायची, त्याने मान हलवायची. ती झाकण काढू लागली. झाकण बरणीवर खडखड वाजलं.

"काही नाही," तो म्हणाला.

"नीट घे ना वास."

"नाही येत."

"मग मळ्यांची भीती कसली वाटते तुला?" तिचा आवाज चढला. "कशाचाच वास येत नाही, तर तिथं नाक मुरडायला तरी काय आहे? तुला बरं व्हायचंच नाहीये! पण मी सोडणार नाही. उद्या जाते आणि आरक्षण करून येते. चारही दिवस मळ्यांतच. फरफटत नेईन तुला!"

तो डोळे मिटून बसला होता. खाली रस्त्यावर कुणीतरी मोटार धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता. ती आता खरोखरच रडायला लागली होती. ओक्साबोक्शी, लहान मुलासारखी.

"कॉफी," तो म्हणाला.

तिचं रडणं मध्येच थांबलं. बरणी टेबलावर आडवी झाली, पूड पत्रकांवर सांडली. तिने त्याच्या गळ्यात हात टाकले. "आलं? खरंच आलं? अरे, बोल ना! आणखी कशाचा येतोय?"

"ब्रँडीचा," तो म्हणाला आणि मागे सरकणारे तिचे हात त्याने घट्ट धरून ठेवले, "आत्ताच्या, आणि सकाळच्याही. पण नाक शाबूत होतं तेव्हा तू माझ्यापासून चार हात लांब बसायचीस, म्हणून घालवलं मी ते."